दोन इंजिनांचे जुने विमान

अमेरिकेतील एखाद्या लहान गावाच्या विमानतळावर गेल्यास तेथे चार किंवा सहा आसनांची खासगी विमाने ओळीने उभी असलेली दिसतात. त्यांपैकी बहुतेकांच्या नाकाशी एकच इंजिन असते. परंतु मधूनच एखादे विमान असे दिसते, की ज्याचे नाक निमुळते व मोकळे आहे आणि दोन्ही पंखांवर एकेक इंजिन बसवलेले आहे. त्याचा रंग उडालेला असतो, खिडक्यांच्या काचा किंचित पिवळ्या पडलेल्या असतात, पण एकंदर आकार डौलदार असतो. चौकशी केली तर ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी तयार झाले असल्याचे समजते. त्याची विक्रीची किंमत ऐकून मात्र नवखा मनुष्य चकित होतो. एक इंजिन असलेल्या नव्या विमानाच्या किमतीचा तो एक लहानसा अंश असतो.

अशा वेळी कोणाच्याही मनात दोन विचार येणे स्वाभाविक आहे. पहिला असा, की एका इंजिनापेक्षा दोन इंजिने केव्हाही अधिक सुरक्षित. दुसरा असा, की स्वस्तात मिळालेली वस्तू ही स्वस्तच असते. हे दोन्ही विचार वरवर पाहता बिनचूक वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही अर्धसत्य आहेत, आणि त्यांवर विसंबून पुष्कळांनी पैसा व काहींनी प्राणही गमावले आहेत. जुन्या द्विइंजिनी विमानाचे मोल नेमके कशात असते, ते कसे पारखावे आणि त्याची मालकी म्हणजे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. विवेचन सुस्पष्ट व्हावे म्हणून पायपर कंपनीचे ‘ट्विन कोमँची’ हे एकच विमान उदाहरणादाखल घेऊ.

एका विमानाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उद्योगधंद्यांची भरभराट झाली आणि दूरदूरच्या गावी स्वतःच्या विमानाने जाणारा व्यापारी, डॉक्टर, कंत्राटदार असा एक नवा वर्ग उदयास आला. रात्री, ढगांतून किंवा मोठ्या जलाशयांवरून उडताना एकुलत्या एका इंजिनावर भरवसा ठेवणे या लोकांना धोक्याचे वाटे. त्यांच्यासाठी १९५४ साली पायपर कंपनीचे ‘अपाचे’ आणि सेसना कंपनीचे ‘३१०’ ही विमाने बाजारात आली. १९६१ साली बीचक्राफ्टचे ‘बॅरन’ आले. १९६३ साली ट्विन कोमँची विक्रीस आले.

पायपरजवळ ‘कोमँची’ नावाचे एक इंजिन असलेले विमान आधीपासून होते. एड स्वेअरिंजन या टेक्सासमधील अभियंत्याने त्याच्या नाकावरील इंजिन काढून पंखांवर प्रत्येकी १६० अश्वशक्तीची दोन लायकॉमिंग इंजिने बसवण्याच्या कामी मुख्य वाटा उचलला. परिणामी एक सडपातळ व काटकसरी विमान तयार झाले. ताशी सुमारे १९० मैलांचा वेग असूनही दोन्ही इंजिने मिळून तासाला साधारण ६० लिटर पेट्रोल खात. मॅक्स कॉनरॅड या वैमानिकाने डिसेंबर १९६४ मध्ये याच जातीच्या एका विमानात जादा टाक्या बसवून दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनपासून फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्गपर्यंत, म्हणजे ७,८०० मैलांहून अधिक अंतर, कोठेही न उतरता पार केले.

जून १९७२ मध्ये ‘ॲग्नेस’ या चक्रीवादळामुळे ससक्वेहाना नदीला महापूर आला. पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथील पायपरचा कारखाना पाण्याखाली गेला. कोमँचीच्या निर्मितीची साधनसामग्री त्यात नष्ट झाली आणि हे विमान पुन्हा कधीच तयार झाले नाही. तोवर सुमारे दोन हजार ट्विन कोमँची बाहेर पडली होती. आज विकत मिळणारे प्रत्येक ट्विन कोमँची त्यांपैकीच एक असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यातील सर्वांत ‘तरुण’ विमानानेही पन्नाशी ओलांडली आहे.

इतकी जुनी विमाने अजून वापरात का आहेत, याचे उत्तर बाजाराच्या इतिहासात सापडते. अमेरिकेतील लहान व खासगी विमानांच्या कारखान्यांनी १९७८ साली १७,८११ विमाने तयार केली. १९९४ साली हा आकडा ९२८ वर आला. मंदी, इंधनाची महागाई आणि अपघातानंतर कारखानदारांवर होणारे नुकसानभरपाईचे दावे ही त्याची प्रमुख कारणे होत. नवी विमाने अशी दुर्मीळ व महाग झाली, तेव्हा जुन्यांनाच जपून वापरण्यावाचून सामान्य मालकाला गत्यंतर उरले नाही.

निम्मी शक्ती गेली म्हणजे किती गेले?

दोन इंजिनांपैकी एक बंद पडले तर विमानाची निम्मी क्षमता शिल्लक राहील, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. पूर्ण भाराने, समुद्रसपाटीवर, दोन्ही इंजिने चालू असताना ट्विन कोमँची मिनिटाला १,४६० फूट वर चढते. एक इंजिन बंद असता हाच दर मिनिटाला अवघा २६० फूट राहतो. म्हणजे शक्ती निम्मी जाते, पण चढण्याची क्षमता शेकडा ८२ नाहीशी होते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. ज्या घरात दोघेजण कमावते आहेत असे घर कल्पावे. त्यांच्या मिळकतीचा बराच भाग घरभाडे, किराणा, मुलांचे शिक्षण यांवर खर्च होतो आणि उरलेला शिलकीत पडतो. एकाची नोकरी गेली तर मिळकत निम्मी होते. पण घरभाडे निम्मे होत नाही. सारा फटका शिलकीला बसतो. विमानाचेही असेच आहे. हवेचा विरोध सोसून सरळ पातळीत उडत राहण्यासाठी जी शक्ती लागते ती घरखर्चासारखी असते. तो खर्च भागवून जे उरेल तेवढ्यावरच विमान वर चढते. १,६३३ किलोग्रॅम वजनाचे हे विमान मिनिटाला १,४६० फूट वर उचलण्यास सुमारे १६० अश्वशक्ती लागते, तर २६० फूट उचलण्यास सुमारे २८. एक इंजिन बंद पडल्यावर शिलकीत उरतात त्या या २८ अश्वशक्ती.

शिवाय आजारी माणसाच्या औषधपाण्याचा खर्च वाढावा तसा बंद इंजिनाचाही एक नवा खर्च असतो. इंजिन थांबले तरी त्याचा पंखा समोरच्या वाऱ्याने फिरत राहतो आणि ब्रेकसारखा विरोध करतो. यासाठी द्विइंजिनी विमानात पंख्याची पाती वळवून त्यांच्या कडा वाऱ्याच्या दिशेला आणण्याची सोय असते. तसे केल्यावर पंखा फिरावयाचा थांबतो व त्याचा विरोध अगदी थोडा उरतो. या जातीच्या पंख्यांत मात्र एक मेख आहे. जमिनीवर इंजिन बंद करताना पाती आपोआप वळू नयेत म्हणून त्यांत लहान खिट्ट्या बसवलेल्या असतात व मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या खाली वेग गेला की त्या अडकतात. वैमानिकाने तत्पूर्वीच निर्णय घेतला नाही, तर पाती वळवण्याची संधी हातची जाते.

मिनिटाला २६० फूट हा आकडासुद्धा नव्या विमानाचा, निष्णात चाचणी-वैमानिकाने मिळवलेला आणि समुद्रसपाटीवरील थंड हवेतील आहे. उंची वाढली किंवा उष्मा वाढला की हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. पूर्ण भार असताना एका इंजिनावर ट्विन कोमँची सुमारे ५,८०० फूट उंचीवर पोहोचते तेव्हा तिच्या चढण्याचा दर मिनिटाला केवळ ५० फूट उरतो. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहर ५,२८० फूट उंचीवर आहे. तेथे उन्हाळ्याच्या दुपारी उड्डाण करताच एक इंजिन बंद पडले, तर दुसरे इंजिन विमानाला वर नेऊ शकणार नाही. फार तर खाली येण्याचा वेग कमी करील.

कायद्याचीही याबाबत फारशी अपेक्षा नव्हती. ज्या नियमांनुसार ही विमाने मंजूर झाली, त्यांत ६,००० पौंडांपर्यंत वजनाच्या व कमी वेगाने उतरू शकणाऱ्या विमानांना एका इंजिनावर वर चढता आलेच पाहिजे अशी अटच नव्हती. चढण्याचा वा उतरण्याचा जो काही दर असेल तो मोजून नमूद करावा, इतकेच बंधन होते. विमान विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांना याची कल्पना असेल, हा प्रश्नच आहे.

लाल रेघ आणि निळी रेघ

चढण्याची क्षमता घटणे हा धोक्याचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक गंभीर आहे. एक इंजिन नाकावर असलेल्या विमानात ते बंद पडले, तर विमान घरंगळत खाली येऊ लागते. पण सरळ राहते. द्विइंजिनी विमानात मात्र एका पंखावर रेटा असतो आणि दुसऱ्यावर विरोध. त्यामुळे विमान बंद इंजिनाकडे जोराने वळू लागते. त्याला रोखण्याचे काम शेपटीवरील उभे सुकाणू करते. परंतु सुकाणूचा जोर त्यावरून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असतो आणि वेग निम्मा झाला की तो जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. साहजिकच एक वेग असा येतो, की ज्याखाली सुकाणू पूर्ण वळवूनही विमान सरळ ठेवता येत नाही. त्यास किमान नियंत्रण-वेग म्हणतात. वेगमापकाच्या तबकडीवर तो लाल रेघेने दाखवलेला असतो. त्याखाली गेल्यास विमान वळते, कलते व पाहता पाहता उलटे होते.

त्यातही दोन्ही इंजिने सारखीच घातक नसतात. बहुतेक अमेरिकन विमानांत दोन्ही पंखे वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. नाक वर उचलून चढताना पंख्याचे खाली येणारे पाते अधिक रेटा देते. उजव्या इंजिनाचे असे पाते विमानाच्या मध्यरेषेपासून दूर, तर डाव्याचे जवळ पडते. म्हणून डावे इंजिन बंद पडून उजवे चालू राहिले, तर विमान फिरवणारा जोर सर्वांत जास्त असतो. हा दोष टाळण्यासाठी ट्विन कोमँचीच्या शेवटच्या, १९७० नंतरच्या आवृत्तीत दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे केले गेले. आज ती आवृत्ती खरेदीदारांना अधिक हवीशी वाटते, त्याचे एक कारण हेच होय.

१९६० च्या दशकात या विमानाच्या प्रशिक्षणात अपघातांची मालिकाच घडली. एक इंजिन मुद्दाम मंद करून वेग कमी करीत न्यावयाचा व नियंत्रण सुटू लागते तो क्षण विद्यार्थ्याला दाखवावयाचा, असा पाठ असे. परंतु उंचीबरोबर चालू इंजिनाचा जोर घटत असल्याने किमान नियंत्रण-वेगही घटतो. उलट पंखांचा आधार ज्या वेगाला सुटतो तो वेगमापकावर तसाच राहतो. एका विशिष्ट उंचीवर हे दोन्ही वेग जवळजवळ येतात. तेथे नियंत्रण आणि आधार एकाच वेळी जातात आणि विमान गिरकी घेत कोसळते. उंचावर हा धोका, तर खाली सावरण्यास जागा नाही. पुढे या विमानाचा अधिकृत किमान नियंत्रण-वेग ताशी ८० मैलांवरून ९० मैल करण्यात आला.

तबकडीवर निळी रेघही असते. एका इंजिनावर सर्वाधिक चढाई ज्या वेगाला मिळते तो वेग ती दाखवते. ट्विन कोमँचीत तो ताशी सुमारे १०५ मैल आहे. जमीन सोडल्यापासून निळी रेघ गाठेपर्यंतचे काही क्षण हेच द्विइंजिनी उड्डाणातील सर्वांत नाजूक क्षण होत. त्या अवधीत इंजिन बंद पडले आणि पुढे धावपट्टी उरली असेल, तर दोन्ही इंजिने बंद करून सरळ खाली उतरणे हाच मार्ग. निळी रेघ गाठली असून चाके आत घेतली असतील, तर कोणते इंजिन गेले हे ओळखून त्याचा पंखा वळवावयाचा. विमान सरळ ठेवण्यासाठी एक पाय सुकाणूचे पेडल दाबत असतो. ज्या बाजूचा पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन मेलेले, अशी ओळखीची खूण वैमानिक पाठ करून ठेवतात. घाईत चालू इंजिनच बंद केल्याची उदाहरणे घडलेली आहेत. आणि या दोहोंपैकी एकही स्थिती नसेल, तर चालू इंजिनाचाही मोह सोडून समोरच्या मोकळ्या जागेत ताब्यातील विमान टेकवणे श्रेयस्कर. शेतात सरळ उतरलेल्या विमानातून माणसे बहुधा चालत बाहेर येतात. उलटे होऊन आदळलेल्या विमानातून क्वचितच. दुसरे इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत पोहोचवण्यासाठी असते, असा कडवट विनोद वैमानिकांत रूढ आहे, तो याच मोहाविषयी.

याचा अर्थ दुसरे इंजिन निरुपयोगी आहे असा नव्हे. रात्री आठ हजार फूट उंचीवर, थोड्या भाराने जाणाऱ्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर दुसरे त्याला शे-दोनशे मैलांवरील विमानतळापर्यंत सुखरूप नेऊ शकते. एक इंजिनाच्या विमानाला तेथे अंधारात खाली यावे लागले असते. दुसरे इंजिन सवड देते. ती सवड वापरता येण्यासाठी विमान आणि वैमानिक हे दोघेही सज्ज असावे लागतात.

कागद, धातू आणि इंजिने

जुन्या विमानाच्या पारखणीचा आरंभ विमानाजवळ न होता त्याच्या नोंदवह्यांपाशी होतो. अमेरिकेत प्रत्येक विमानाची मालकी, त्यावरील कर्जाचा बोजा आणि मोठ्या दुरुस्त्यांचे अर्ज यांची नोंद ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरात असते व त्याच्या प्रती कोणालाही मागवता येतात. विमानासोबतच्या वह्यांशी ही नोंद ताडून पाहिली म्हणजे मोडतोड, पंख बदलणे, चाके न उघडता उतरणे अशा गोष्टी उघड होतात. चाके न उघडता उतरलेल्या विमानाचे पंखे जमिनीला लागून वाकतात आणि त्याचा धक्का क्रँकशाफ्टला बसतो. त्यानंतर इंजिन पूर्ण उघडून तपासल्याची नोंद नसेल, तर खरेदीदाराने सावध व्हावे. एखादी वही हरवली असेल, तर विमानाच्या आयुष्यातील तेवढा काळ अज्ञात आहे असेच समजावे.

एखाद्या जातीच्या विमानात धोकादायक दोष आढळला, की सरकार उड्डाणयोग्यता आदेश काढते आणि तो प्रत्येक मालकावर बंधनकारक असतो. ट्विन कोमँचीबाबत १९७७ सालचा आदेश महत्त्वाचा आहे. त्यानुसार चाके आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेची दर १,००० उड्डाणतासांनी सविस्तर तपासणी करावी लागते आणि तिला मदत करणाऱ्या रबरी दोऱ्या ५०० तास किंवा ३ वर्षे यांपैकी जी मुदत आधी येईल तेव्हा बदलाव्या लागतात. २०१२ सालचा आदेश शेपटीच्या आडव्या पृष्ठभागाला फिरवणाऱ्या भागातील भेगांविषयी आहे. हे आदेश पाळल्याचा पुरावा विक्रेत्याने दाखवला पाहिजे.

यानंतर प्रत्यक्ष विमानाकडे वळावे. पन्नास वर्षांच्या ॲल्युमिनियमचा सर्वांत मोठा शत्रू गंज हा होय. समुद्रकिनाऱ्यालगत उघड्यावर राहिलेले विमान आणि ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत छपराखाली राहिलेले विमान यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तपासणीची लहान झाकणे उघडून पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत प्रकाश टाकून पाहावे. या विमानाच्या पंखांत पेट्रोल साठवण्यासाठी रबरी पिशव्या असतात. त्या कालांतराने कडक होऊन चिरतात. नाकात इंजिन नसल्याने आत ऊब देण्यासाठी पेट्रोलवर चालणारी शेगडी बसवलेली असते; तिच्या नळीला भेग पडली, तर विषारी वायू प्रवाशांपर्यंत पोहोचू शकतो. तिचीही ठरावीक काळाने चाचणी झालेली असावी. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या बऱ्याच नियंत्रित आकाशक्षेत्रांत विमानाने आपले स्थान आपोआप प्रक्षेपित करणे सक्तीचे आहे. तसे उपकरण बसवलेले नसेल, तर तोही खर्च मनात धरावा.

मग इंजिने. लायकॉमिंग कंपनी या जातीच्या इंजिनासाठी २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, संपूर्ण ओव्हरहॉल सुचवते. अमेरिकेत खासगी मालकाला ही मुदत कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे विक्रीच्या जाहिरातीत तास ठळकपणे सांगितले जातात आणि वर्षे मागे राहतात. वस्तुतः वीस वर्षांपूर्वी ओव्हरहॉल होऊन त्यानंतर केवळ ३०० तास चाललेले इंजिन हे जवळजवळ नवे नव्हे. तेच कदाचित सर्वांत संशयास्पद असते. लायकॉमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असतो. इंजिन महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरील तेल ओघळून जाते आणि दमट हवेने त्याला गंज चढतो. पुढे चालू झाल्यावर तो गंजलेला पृष्ठभाग भराभर झिजतो. म्हणून दर आठवड्याला उडणारे १,४०० तासांचे इंजिन पुष्कळदा त्याहून विश्वासार्ह ठरते.

सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून किती टिकते ते मोजतात. सत्तरीच्या वरचे आकडे समाधानकारक समजले जातात. परंतु एखाद्या आकड्यापेक्षा मागील काही वर्षांत तो कसा बदलत गेला हे अधिक बोलके असते. बारीक दुर्बीण आत घालून झडपा पाहता येतात. वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातील धातूंचे प्रमाण काढता येते. शेवटी उड्डाण करून, सुरक्षित उंचीवर व विमानतळाच्या आसपास, प्रत्येक पंखा वळवून पुन्हा सुरू करून पाहावा. ज्या यंत्रणेच्या आधारावर हे विमान घ्यावयाचे, ती चालते की नाही हे न पाहता पैसे देणे म्हणजे शहाणपण नव्हे. ही सारी तपासणी खरेदीदाराने निवडलेल्या, त्या जातीची विमाने जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडून झाली पाहिजे. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून नव्हे.

मालकीचा हिशेब

विमान स्वस्त असते, पण त्याचे सुटे भाग, तंत्रज्ञाची मजुरी व पेट्रोल हे आजच्या दरानेच घ्यावे लागतात. दोन इंजिने आणि दोन पंखे यांचे ओव्हरहॉल एकदम निघाले, तर तो खर्च विमानाच्या खरेदी किमतीइतका, क्वचित तिच्याहूनही अधिक होऊ शकतो. म्हणून अशा विमानाची किंमत म्हणजे मागितलेली रक्कम नव्हे. तिच्यात इंजिनांचे व पंख्यांचे वापरून झालेले आयुष्य मिळवले पाहिजे. २,००० तासांपैकी १,७०० तास चाललेल्या इंजिनाच्या ओव्हरहॉलचा शेकडा ८५ खर्च नव्या मालकाच्या डोक्यावर आधीच बसलेला असतो.

विमान कमी उडवले म्हणजे बचत होते, हीदेखील एक गोड समजूत आहे. वर्षाला ५० तास उडणारा मालक बारा वर्षांत ६०० तास उडतो. २,००० तासांवर विभागला जावयाचा खर्च त्याला ६०० तासांवर विभागावा लागतो, म्हणजे प्रत्येक तासाला तिपटीहून अधिक भार पडतो. बारा वर्षांत २,००० तास पुरे करण्यासाठी वर्षाला सुमारे १६७ तास उडावे लागेल. खासगी मालकांपैकी थोड्यांनाच हे जमते. शेडचे भाडे, विमा व वार्षिक तपासणी हे खर्च तर विमान उडो न उडो, द्यावेच लागतात. यात आणखी एका अनिश्चिततेची भर पडली आहे. या इंजिनांना लागणारे पेट्रोल शिसेयुक्त असून २०३० च्या अखेरपर्यंत त्याचा वापर संपवण्याचे ध्येय अमेरिकेने ठेवले आहे. पर्यायी इंधन किती सहज व कोणत्या दराने मिळेल, यावरही जुन्या विमानांचे भवितव्य अवलंबून राहील.

पैशाची ओढाताण आणि सुरक्षितता यांचा संबंध येथेच येतो. हात आखडणारा मालक प्रथम न दिसणारी दुरुस्ती पुढे ढकलतो, मग उड्डाणे कमी करतो. इंजिने गंजतात, आणि त्याचबरोबर त्याचा सरावही गंजतो.

शेवटची पारख

विमानाची पारख झाली तरी एक तपासणी उरते, ती स्वतःची. अमेरिकन कायद्याप्रमाणे प्रत्येक वैमानिकाला दर दोन वर्षांनी प्रशिक्षकासह उजळणी करावी लागते, पण ती एका इंजिनाच्या विमानात केली तरी चालते. प्रवासी न्यावयाचे असल्यास मागील ९० दिवसांत द्विइंजिनी विमानातून तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली असावी लागतात. त्यांत इंजिन बंद पडल्याचा सराव असावा अशी अट नाही. म्हणजे वर्षानुवर्षे तो प्रसंग हाताळून न पाहिलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने आपले कुटुंब घेऊन उडण्यास मोकळा आहे. कायदा येथे थांबतो. पुढची जबाबदारी मालकाची.

तेव्हा खरेदीपूर्वी त्याने काही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावेत. दोन्ही इंजिनांचा खर्च एकाच वर्षी आला, तर तो कर्ज न काढता पेलेल काय? वर्षाला किमान शंभर तास खरोखर उडणे होईल काय? दर सहा महिन्यांनी प्रशिक्षक घेऊन, आणि उड्डाणाच्या क्षणी इंजिन जाण्याचा प्रसंग शक्यतो जमिनीवरील सरावयंत्रात, पुन्हा पुन्हा गिरवण्याची तयारी आहे काय? जेथे एका इंजिनावर चढता येणार नाही अशा धावपट्टीवरून निघताना भार कमी करण्याचा, प्रसंगी प्रवासी मागे ठेवण्याचा निग्रह आहे काय?

या प्रश्नांना ज्याची उत्तरे होकारार्थी येतील, त्याला नीट राखलेले ट्विन कोमँची अजूनही पुष्कळ वर्षे साथ देईल. ज्याची येणार नाहीत, त्याने एका इंजिनाचे साधे विमान घेऊन त्यात नियमित उडावे. त्याच्या आप्तांसाठी ते अधिक सुरक्षित ठरेल. हातात पैसे असताना आणि समोर डौलदार विमान उभे असताना असा निर्णय घेणे सोपे नसते. पण तो जमिनीवर, सवडीने घेता येतो. धावपट्टी संपत आली असता घ्यावयाच्या निर्णयाला काही सेकंदच मिळतात.